सुभेदार रामजी आंबेडकर : पेन्शनीनंतरची वीस वर्षे



या पानावर आपण बहुधा संतांची चरित्रे वाचतो. आज ज्या गृहस्थांची ओळख करून द्यायची आहे ते ख्रिस्ती नव्हते. ते कबीरपंथी होते, भजनात रमणारे होते आणि पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले होते. त्यांच्या धाकट्या मुलाचे नाव आज भारतातल्या प्रत्येक गावात ठाऊक आहे. डॉ. भीमराव आंबेडकरांच्या जन्माची तारीख शाळेतली लहान मुलेसुद्धा सांगतात. पण वडील रामजी यांनी फौज सोडल्यावर पोटापाण्यासाठी काय केले, कुठे नोकरी धरली, घर कसे चालवले, हे फारसे कुणी विचारत नाही. आपल्या काल्हेरसारख्या गावात ते विचारण्याजोगे आहे. इथल्या गोदामांच्या फाटकांवर, चेकिंगच्या टेबलांवर आणि मालाच्या नोंदवह्यांपुढे फौजेतून निवृत्त झालेली माणसे बसलेली आपण रोज पाहतो. रामजींनीही निवृत्तीनंतर धरलेले पहिले काम कोठीवरचेच, म्हणजे आजच्या भाषेत स्टोअरकीपरचे होते.

त्यांचे पूर्ण नाव रामजी मालोजी सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजी हेही फौजेतच होते. त्या काळी कोकणातल्या महार समाजातील तरुणाला गावकीची कामे आणि गावाने फेकलेले तुकडे यांतून सुटण्याची एकच वाट होती, ती म्हणजे पलटण. अंगावर गणवेश चढला की माणसाला नाव मिळे, हुद्दा मिळे, महिन्याचा पगार मिळे. रामजींचे लग्न झाले तेही पलटणीतल्याच घराण्यात. पत्नी भीमाबाई या मुरबाडकरांच्या कन्या. मुरबाड म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यातला तालुका. मुरबाडकरांच्या घरात सुभेदारी जणू वंशपरंपरेने चालत आली होती. रामजी लग्नाच्या वेळी साधे शिपाई होते. सासर मोठे आणि आपण लहान, ही बोच त्यांना असणारच.

ते वर चढले ते शिक्षणाच्या जोरावर. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिक्षकाचे शिक्षण घेतले. पुढे पलटणीच्या शाळेत ते शिक्षक झाले आणि सुमारे चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. मराठी उत्तम, इंग्रजी चांगले, हिशोब चोख. त्या काळी लष्करातल्या शिपायांच्या मुलामुलींना शिक्षणाची सोय होती. बाहेरच्या शाळेत ज्यांना ओसरीवरही बसू देत नसत, त्यांची मुले छावणीत पाटीवर अक्षरे गिरवत. जोतीराव फुले यांच्याविषयी रामजींना फार आदर होता. सुभेदार या हुद्द्यापर्यंत ते पोहोचले तेव्हा पलटणीचा मुक्काम मध्य भारतातील महू येथे होता. तेथेच १४ एप्रिल १८९१ रोजी भीमाबाईंना चौदावे अपत्य झाले. आधीच्या मुलांपैकी कित्येक बालपणीच दगावली होती. या मुलाचे नाव भीमराव.

मूल जेमतेम दोन वर्षांचे झाले आणि रामजींची निवृत्ती आली. हा काळ लक्षात घेण्यासारखा आहे. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची फौजेतली भरतीच बंद केली. ज्यांच्या आजोबांनी, वडिलांनी कंपनी सरकारसाठी लढाया मारल्या, त्यांच्या मुलांना आता छावणीचे दार बंद. रामजींनी या अन्यायाविरुद्ध सरकारकडे पाठवायच्या अर्जासाठी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची मदत घेतली. दार मात्र उघडले नाही. पहिल्या महायुद्धात सरकारला माणसांची गरज पडली तेव्हा काही काळ भरती झाली, पुन्हा थांबली, आणि आजची महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. ते बघायला रामजी नव्हते.

तेव्हा निवृत्तीच्या दिवशी या सुभेदारापुढे दोन प्रश्न उभे होते. पहिला सगळ्याच जवानांपुढे असतो तो. पेन्शन थोडी, खाणारी तोंडे पुष्कळ, अंगात अजून ताकद, मग काम कोणते? दुसरा प्रश्न अधिक कठीण होता. आपल्या मुलांनी काय करायचे? आजपर्यंत या घराला एकच पेशा माहीत होता आणि तो आता मुलांसाठी उरला नव्हता. मला वाटते, पुढची वीस वर्षे रामजींनी जी धडपड केली, तिचे मूळ या दुसऱ्या प्रश्नात आहे.

आधी कुटुंब दापोलीला आले. दापोलीला इंग्रजांची जुनी छावणी होती, म्हणून लोक कॅम्प दापोली म्हणत, आणि कोकणातले बरेच फौजी पेन्शनर तेथे वस्ती करून राहात. तेथेच कायम राहावे असा रामजींचा विचार होता, पण तो पुढे बदलला आणि कुटुंबाने दापोली सोडली. काही दिवस मुंबईत गेले, मग साताऱ्याला काम मिळाले. काम बांधकाम खात्याकडचे, कोठीवरचे. काय आले, काय गेले, किती शिल्लक, याचा हिशोब ठेवायचा.

आता विचार करा. चौदा वर्षे मुख्याध्यापक असलेला माणूस, ज्याच्यापुढे शिपाई ताठ उभे राहात, तो आता सामानाची मोजदाद करतो आहे. आपल्यापैकी जे फौजेतून आले आहेत त्यांना ही जागा ठाऊक असेल. काल नायब सुभेदार साहेब, आज नाइट ड्यूटीचा गार्ड. घरच्यांना वाटते, पगार येतो ना, मग झाले. पण ज्याच्या खांद्यावर काल फीत होती त्यालाच कळते की सकाळी गेटवर एखादा पोरसवदा मॅनेजर एकेरीत हाक मारतो तेव्हा काय होते. रामजींना तर याहून जास्त सोसायचे होते, कारण छावणीबाहेर पाऊल टाकताच लोक आधी जात विचारत.

साताऱ्यातच कुटुंबावर मोठा घाला पडला. भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. घरात रामजींची बहीण मीराबाई होती. तिने मुलांना पदराखाली घेतले. आत्याचे ते प्रेम भीमराव पुढे कधी विसरले नाहीत. रामजींनी काही काळाने दुसरे लग्न केले. मुलाला ते आवडले नव्हते. चरित्र लिहिताना अशा गोष्टी झाकण्यात अर्थ नाही. घरोघरी असतात त्या कुरबुरी या घरातही होत्या.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत घातले गेले. आज त्या शाळेला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात आणि महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. दाखला घालायला घरचे वडीलधारे गेले असतील तेव्हा हा दिवस पुढे असा पाळला जाईल हे कुणाच्या मनातही आले नसेल. एक पेन्शनर आपल्या मुलाला शाळेत घालत होता, इतकेच.

याच सुमारास रामजींना दुसरी नोकरी लागली. ती खटाव तालुक्यातील गोरेगावची. काही पुस्तकांत हे नाव कोरेगाव असे छापले आहे. तो काळ दुष्काळाचा. माणसे हजारोंनी मरत होती. लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून मुंबई सरकारने तेथे तलाव खोदायला काढला होता आणि त्या कामावर रामजी कॅशियर होते. म्हणजे खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या उपाशी माणसांची मजुरी यांच्या हातून जात होती. रोख रक्कम, रोजंदारीचे पट आणि दाराशी भुकेलेली माणसे. अशा जागेवर सरकार विश्वासाचा माणूस बसवते. फौजेतून आलेल्या माणसाला बाहेरच्या जगात नोकरी देताना लोक आजही तेच पाहतात. इंग्रजी किती येते यापेक्षा चावी याच्या हातात द्यावी की नाही, हा प्रश्न असतो. इस्पितळाची तिजोरी, शाळेचे फाटक, गोदामाचे कुलूप, ही कामे माजी सैनिकाकडे येतात ती याच कारणाने.

गोरेगावला जाताना रामजींनी मुलांना साताऱ्यातच बहिणीच्या आणि शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवले. उन्हाळ्याची सुट्टी लागली तसे त्यांनी मुलांना भेटीला बोलावले. १९०१ सालची गोष्ट. भीमराव नऊ-दहा वर्षांचे. बरोबर थोरला भाऊ आणि वारलेल्या बहिणीची दोन मुले. नवे सदरे, भरजरी टोप्या, रेशमी काठाची धोतरे, पायांत नवे बूट. आगगाडीत बसायचे म्हणून पोरे हरखून गेली होती. मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांनी न्यायला माणूस पाठवला असेल या आशेवर तास-दीड तास उभी राहिली. कुणी आले नाही. स्टेशनमास्तरने कपड्यांवरून चांगल्या घरची मुले समजून चौकशी केली. मुलांनी सरळ जात सांगून टाकली. मास्तरचा चेहराच उतरला आणि तो मागे सरला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे देऊनही तयार होईनात. शेवटी एक तयार झाला, पण या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने पायी चालणार. संध्याकाळी गाडी निघाली. जेवणाचा डबा जवळ होता, पण पाणी नव्हते. वाटेतले पाणी शेणामातीने गढूळ, तोंडाला लावता येईना. रात्री जकात नाक्याजवळ गाडी थांबली तेव्हा आपण मुसलमान असल्याचे सांगूनही त्यांना घोटभर पाणी मिळाले नाही. पोरे उपाशी आणि तहानलेली झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास गोरेगावला पोचली.

रामजी मुलांना दारात पाहून चकित झाले. मुले येणार असल्याचे पत्र पाठवले होते, पण ते रामजींच्या नोकराच्या हाती पडले आणि त्याने ते त्यांना दिलेच नव्हते. एका नोकराच्या निष्काळजीपणाने हे घडले, असे म्हणता येईल. पण हजारो मजुरांच्या पगाराचा पैसा ज्याच्या हाती सरकारने दिला, त्याच माणसाच्या मुलांना त्याच जिल्ह्यात पाणी मिळाले नाही, हे नोकराच्या चुकीने होत नाही. भीमरावांनी हा प्रसंग पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. त्या दिवशी वडील म्हणून रामजींना काय वाटले हे मात्र कुठे लिहिलेले नाही. आपल्या ख्रिस्तसभेत एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर घेणाऱ्या आपल्या समाजानेही पूर्वी जातीप्रमाणे बाके आणि दफनभूमीचे कोपरे वेगळे ठेवल्याची उदाहरणे आहेत आणि सोयरीक जुळवताना आजही काही घरांत हा प्रश्न हळूच विचारला जातो. म्हणून मसूरची ही गोष्ट दुसऱ्या कुणाची आहे असे समजून वाचू नये.

नोकरी कोणतीही असो, रामजींनी एक काम कधी सोडले नाही, ते शिकवण्याचे. शाळा गेली तरी विद्यार्थी घरातच होते. मुलांचे इंग्रजी ते स्वतः पक्के करून घेत. रोज रात्री घरात प्रार्थना होई. कबीराचे दोहे, तुकोबांचे अभंग, रामायण-महाभारताचे वाचन चाले. मुलांनी हजर राहिलेच पाहिजे असा दंडक होता. मांसमद्य घरात वर्ज्य. आपल्या घरांतून रात्रीची रोजरी होते, किंवा निदान होत असे, त्याची आठवण यावी असे हे वातावरण. फौजेची शिस्त आणि भक्ती यांचे या घरात छान जमले होते.

१९०४ च्या सुमारास सातारा सुटला आणि कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आले. आता नोकरी नव्हती, फक्त पेन्शन होती. खोली एकच. त्यातच चूल, त्यातच जळण, त्यातच जाते, शेजारी बांधलेली शेळी आणि सगळी माणसे. थोरल्या मुलांना शिक्षण सोडून कामाला लागावे लागले. सगळ्यांना शिकवण्याइतकी ऐपत नव्हती, तेव्हा जो शिकतो आहे त्याला शेवटपर्यंत शिकवायचे, असे रामजींनी ठरवलेले दिसते. थोरल्यांच्या वाट्याला आलेल्या या निवाड्याविषयी आपण काय म्हणावे? गरिबीत बापाला असे हिशोब करावे लागतात आणि ते त्याला आयुष्यभर बोचतात.

या खोलीत भीमरावांना अभ्यासाला जागा मिळावी म्हणून रामजींनी एक युक्ती काढली. मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग मुलाला उठवून त्याच्या जागी आपण पडायचे. पलटणीत पहारा बदलतात तसा हा पहारा होता. रॉकेलच्या दिव्यापुढे पोरगा वाचत बसे आणि म्हातारा सुभेदार निजे. पुस्तकांची हौस मुलाला इतकी की पेन्शन पुरेना. तेव्हा रामजी मुंबईतच दिलेल्या आपल्या मुलींकडे जात. एकीकडे रोख नसेल तर दुसरीकडे जाऊन दागिना मागत, तो सावकाराकडे गहाण ठेवून पुस्तक आणत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत देत. भावाच्या पुस्तकासाठी अंगावरचा दागिना काढून देणाऱ्या मंजुळा आणि तुळसा या बहिणींचे नावही या चरित्रात यायला हवे.

इथे मला संत कमिलस आठवतात. त्यांची गोष्ट अगदी उलट्या दिशेने जाते. इटलीतला हा धिप्पाड शिपाई व्हेनिसच्या फौजेत तुर्कांशी लढला. फौजेतून सुटल्यावर त्याला काहीच येत नव्हते. त्याने जुगारात होते नव्हते ते घालवले, रस्त्यावर भीक मागितली आणि शेवटी मानफ्रेदोनिया येथे कापुचिन मठाच्या बांधकामावर मजुरी धरली. तेथेच २ फेब्रुवारी १५७५ रोजी, प्रभूच्या समर्पणाच्या सणादिवशी, त्याचे मन पालटले. पुढे रोमच्या इस्पितळात त्याने आजाऱ्यांची सेवा केली आणि त्यासाठी एक नवा संघ उभा केला. आज कमिलस हे आजाऱ्यांचे आणि परिचारिकांचे आश्रयदाते संत आहेत. फौज सोडल्यावर पहिली मिळालेली मजुरी ही त्यांच्याही आयुष्यातली कलाटणी ठरली. कमिलस एकटे होते, रामजींच्या मागे मात्र घर होते. म्हणून रामजींची वाट मला संत योसेफांच्या अधिक जवळची वाटते. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफांना दिला. योसेफांचेही बोललेले एक वाक्य शुभवर्तमानात नाही. त्यांनी काय केले एवढेच लिहिले आहे.

आपल्याकडे आज परिस्थिती बदलली आहे. पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन येणाऱ्या जवानासाठी ठाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे नाव नोंदवावे लागते. सरकारी नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी राखीव जागा आहेत. पण कित्येक जण नोंदणीच करत नाहीत, गावी जाऊन सहा महिने बसतात आणि मग ओळखीने मिळेल ते काम धरतात. २०२२ पासून तर अग्निवीर म्हणून भरती होणारी मुले चार वर्षांनीच बाहेर येणार आहेत. चारांतल्या फार तर एकालाच पुढे ठेवले जाते आणि बाकीच्यांना पेन्शन नाही. पंचविशीच्या आतबाहेरची ही मुले आपल्याच घरांत परत येतील. त्यांनी फौजेत असतानाच काही शिकून घ्यावे, एखादे प्रमाणपत्र, एखादी परीक्षा पदरी पाडून घ्यावी, हे घरच्यांनी पत्रातून आणि फोनवरून सांगत राहावे. फौजेतून बाहेर पडल्यावर रामजींना उपयोगी पडली ती लेखणी आणि हिशोब.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. परळच्या वस्तीत सभा भरली, सत्कार झाला, कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च पेन्शनीतून निघणे शक्य नव्हते. केळुसकरांच्या खटपटीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. बी.ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. घरात पहिल्यांदाच पदवीधराचा पगार येणार होता.

तो पगार रामजींनी फार पाहिला नाही. थोड्याच दिवसांत बडोद्याला तार गेली की वडील अत्यवस्थ आहेत. भीमराव मिळेल त्या गाडीने निघाले. सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून खाली उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. मुंबईला पोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजींची नजर दाराकडेच लागून राहिली होती. मुलगा जवळ आला, तेव्हा थकलेला हात त्याच्या पाठीवरून फिरला आणि थोड्याच वेळात त्यांनी प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३ चा.

त्याच वर्षी जुलै महिन्यात, महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर, भीमराव न्यूयॉर्कला उतरले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.